वारा शांत

“वारा शांत,” ती माइकवर म्हणाली आणि तिने जीभ चावली.

विमानतळाच्या टॉवरच्या काचेबाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी खांबाला मरगळून लटकली होती. सकाळची गार, निवांत हवा. कुणालाही वाटावं, उडायला याहून चांगला दिवस नाही! उभं आयुष्य टॉवरमध्ये काढलेल्या तिला मात्र अशाच हवेची धास्ती होती. मोठं विमान पंखांच्या टोकांमागे हवेचे दोन भोवरे सोडून जातं, लहान विमानाला उलथवतील असे. वारा असला, ऊन तापलेलं असलं की ते लवकर मोडतात. अशा निपचित हवेत मात्र ते कुणाला न दिसता धावपट्टीवर दबा धरून बसतात.

मोठं विमान नुकतंच उतरलं होतं. त्याच्यामागे औषधांचे खोके घेऊन एक चिमुकलं विमान येत होतं, आणि ते चालवत होता तिचा थोरला भाऊ.

“समजलं, टॉवर. वारा शांत. झकास!”

तिने सावध करण्यासाठी सांगितलं होतं, त्याने दिलासा म्हणून घेतलं.

“त्यांना उतरू न देता परत वर पाठवू का?” तिने शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं.

“दोन विमानांतलं अंतर नियमाइतकं आहे की! आणि मागच्या वेळी पाठवलंत, तेव्हा सगळे काय म्हणाले? बहिणीची माया!” तो हसला.

ती थांबली. लोक चिडवतील म्हणून थांबली.

तेवढ्यात विमानाचा डावा पंख कलला. आणखी कलला. कुणी हात पिरगळावा तसं ते विमान आडवं व्हायला लागलं, आणि खाली जमीन तर अगदी जवळ आली होती.

“दादा, वर घे! दादा!”

इतक्या वर्षांत रेडिओवर तिने त्याला कधी दादा म्हटलं नव्हतं. इंजिन किंचाळलं. पंख कसाबसा सरळ झाला आणि विमान टॉवरवरून निघून गेलं. तिने त्याला बराच वेळ घिरट्या घालायला लावल्या, मगच उतरवलं.

विमान थांबलं, पंखा थांबला. तो मात्र खाली उतरेना. दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही हातांनी विमान वळवायचा दांडा घट्ट धरून तो तसाच बसला होता.

“टॉवर,” रेडिओवर त्याचा बारीक आवाज आला. “आईला सांगू नकोस हं.”

आई जाऊन कित्येक वर्षं झाली होती. सहकाऱ्याने मान खाली घातली. आकाशातल्या सगळ्या वैमानिकांनी ते ऐकलं असणार.

“नाही सांगत, दादा,” ती म्हणाली.