न चुकणारा आकडा

आमच्या तालुक्यात नियोजनाच्या टेबलावर विजयसिंह सर आले तेव्हापासून त्यांचा आकडा कधी चुकलेला नाही. किती मुलं, किती ताटं, किती सतरंज्या, सगळं तंतोतंत. जिल्ह्याच्या बैठकीत त्यांचं कौतुक होतं आणि माझं डोकं उठतं. हा माणूस चुकत नाही, कारण तो अंदाज करतच नाही.

मी वनिता, मुख्याध्यापिका. आमचं गाव ऊसतोडीला जाणारं. दसऱ्याला लोक नारायणगडावर माथा टेकवून येतात आणि मग गावात ट्रक लागायला लागतात. आईबाप गेले तरी पोरांची शाळा बुडू नये म्हणून शाळेतच हंगामापुरतं वसतिगृह सुरू करायचं असतं. सरांची पद्धत अशी, की आधी ट्रक जाऊ द्यायचे, मग मागं राहिलेली पोरं मोजायची आणि तेवढ्यांचाच प्रस्ताव करायचा. आता वसतिगृह उघडलेलं दिसल्याशिवाय कुठली आई पोर मागं ठेवेल? पोरं जातात उसाच्या फडात आणि सरांचा आकडा दरवर्षी बरोबर.

यंदा मी त्यांच्या कार्यालयात इतक्या चकरा मारल्या, की तिथला शिपाईसुद्धा मला बघून हसायचा. सर आपले शांत. म्हणाले, आधीच्या माणसानं अंदाजानं आकडा धरला, मुलं कमी भरली, त्याची चौकशी अजून चालू आहे. मलाही घरदार आहे, मॅडम. यावर भांडायचं तरी काय? मी चिडूनच म्हटलं, मग निदान ट्रक निघेल त्या दिवशी या आणि डोळ्यांनी बघा.

आणि ते खरंच आले. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेरडं, सरपण चढलेलं, बंकट मुकादम घाई करतोय, माझा जीव नुसता वरखाली. सातवीतली राजनंदिनी गाठोडं घेऊन आईजवळ उभी होती. गणितात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नाही. घरात तिच्या लग्नाचं बोलणं निघालं होतं. यंदा ती फडात गेली, की परत वर्गात दिसणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

तिची आई भिवराबाई थेट सरांसमोर येऊन उभी राहिली. सर तिला प्रस्ताव, मंजुरी वगैरे समजावू लागले. तिनं मधेच थांबवलं.

"सायेब, कागदातलं मला न्हाई कळत. पोरीला ठिवून जाऊ का संगं नेऊ, तेवढंच सांगा."

सर माझ्याकडे बघू लागले. मी मुद्दाम मान वळवली. महिनाभर माझी तडफड झाली होती, आता थोडी यांचीही होऊ दे म्हटलं. ट्रक चालू झाला.

"ठेवा," ते म्हणाले. इतकं हळू, की तिनं पुन्हा विचारलं. "ठेवा. मी सांगतो ना."

भिवराबाईनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागं न बघता ट्रकमध्ये चढली. ते पाहून दुसरीनं आपला मुलगा खाली उतरवला, मग तिसरीनं, मग कितीतरी जणींनी. बंकट ओरडत राहिला. सर सवयीनं मोजायला लागले आणि मधेच थांबले.

ट्रक गेला. पोरं व्हरांड्यात गाठोडी मांडीवर घेऊन बसली, धाकटी रडायला लागली. मला फार आनंद झाला होता. सर जवळ आले. चेहरा घामानं डबडबलेला.

"मॅडम, मंजुरीला वेळ लागेल. आज संध्याकाळी यांना जेवायला काय?"

पोषण आहाराचा तांदूळ शाळेच्या कोठीत होता, पण तो दुपारच्या जेवणाचा. त्यातला मूठभर इकडंतिकडं झाला, तरी नोटीस मुख्याध्यापिकेच्या नावानं निघते. माझी निवृत्ती तोंडावर आलेली. व्हरांड्यातली सगळी पोरं आता माझ्याकडे बघत होती. कोठीची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.