महादेवाची साक्ष चालत नाही

नारायण पेठेतला हौद दुरुस्त झाला आणि महिना व्हायच्या आत पुन्हा गळायला लागला.

कात्रजच्या नळाचं पाणी हौदात यायचं आणि हौदातून सरळ रस्त्यावर जायचं. गाढवांची चैन झाली. बायका मात्र घागरी घेऊन शेजारच्या पेठेपर्यंत तंगडतोड करायच्या. सरकारातून दुरुस्तीला चुना आला होता, त्यात घालायला ताग आला होता, त्याच गाडीत भरून गूळ आला होता. गुळाच्या पाण्याशिवाय चुना धरत नाही हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हा चुना धरलाच नव्हता. नखानं खरवडला की पिठासारखा हातात यायचा.

गूळ कुठे गेला हेही शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण बोलायचं कुणी? कामावर देखरेख पेठेचे कमाविसदार यज्ञेश्वरपंत यांची. पेठेची पट्टी वसूल करणारे तेच आणि कुणाचा ओटा रस्त्यात आला म्हणून पाडायचा हे ठरवणारेही तेच.

शेवटी बोलली बायडाबाई कासारीण. नवरा गेल्यापासून बांगड्या भरून पोट भरायची. जीभ अशी की समोरच्यानं आधीच दोन पावलं मागे सरावं. ती तडक कोतवाल चावडीवर गेली आणि कारकुनाला म्हणाली, "हौदाच्या गुळाची गाडी पंतांच्या वाड्याच्या दरवाजातून आत गेली. मी डोळ्यांनी बघितली."

"साक्षीदार?"

"अख्खी पेठ."

"अख्खी नको. एक आण."

तो एक काही मिळेना. तांबटाला ताप भरला. वाण्याला अचानक सासुरवाडी आठवली. पंतांनी मात्र छाती पुढे काढून सांगितलं, "मी बेलभंडार उचलतो. मग तर झालं?"

म्हणजे देवासमोर बेल आणि हळद हातात घेऊन शपथ. ती घेतली की पंत सुटले. आणि पंत सुटले की बायडाबाईची फिर्याद खोटी. खोटी फिर्याद करणारीचं बिऱ्हाड पेठेबाहेर काढायचं, हे कारकुनानं तिला तिथेच ऐकवलं.

शपथ ठरली सोमवारी, दत्तोबा गुरवाच्या महादेवाच्या देवळात. तिथली रीत अशी की बेल आणि भंडारा गुरवानं आपल्या हातानं द्यायचा. त्याशिवाय शपथ लागू नाही. दत्तोबानं आजवर कितीतरी खोटारड्यांच्या ओंजळीत बेल ठेवला होता. देव बघून घेईल म्हणायचा आणि ताम्हन धुवायला घ्यायचा.

आदल्या दुपारी पंत देवळात आले. "दत्तोबा, सोमवारचं लवकर उरकून टाकू हो."

"उरकू की, पंत."

"तुझा चुलतभाऊ येऊन गेला. पूजेची पाळी त्याचीच म्हणतो. निवाडा माझ्याकडे आहे. मी म्हटलं, दत्तोबासारखा गरीब माणूस दुसरा नाही."

"गरीब तर आहेच," दत्तोबा म्हणाला. पाळी गेली तर चूल विझणार होती. पंतांना ते ठाऊक होतं, म्हणून तर चुलतभाऊ निघाला.

पंत गेले न गेले तोच बायडाबाई पायरीशी येऊन उभी राहिली. "देणार त्याला बेल?"

"न देऊन काय करू? मी काही गाडी बघितली नाही."

"बघितली नाहीस. खाल्लीस!"

खाल्ली होती खरी. पंतांच्या मुलीचं लग्न जमलं तेव्हा देवाला गुळाची अख्खी ढेप आली होती. दत्तोबानंच नैवेद्य दाखवला, त्यानंच खडे फोडून वाटले. खाताना दातात तागाचा धागा अडकला होता. तो त्यानं काढून टाकला आणि दुसरा खडा तोंडात घातला. पेठेतल्या सगळ्यांनी तेच केलं होतं.

"आपणच आपला हौद चघळला," बायडाबाई म्हणाली. "आता कोण तोंड उघडतंय?"

सोमवारी देऊळ भरलं. तांबटाचा ताप उतरला होता. कारकून खांबाला टेकून बसला. पंतांनी ओंजळ पुढे केली. दत्तोबा ताम्हन घेऊन उभा राहिला आणि उभाच राहिला.

"अरे दे ना," कारकून म्हणाला.

"एक विचारू का? ज्याच्यावर आळ आलाय, त्याच्या पंगतीला बसून तोच माल खाल्लेला साक्षीदार चालतो?"

"मुळीच नाही."

"मग आमचा महादेव चालायचा नाही. पंतांचा गूळ त्यानं खाल्लाय."

मागे कुणीतरी खिक्कन हसलं. पंत लाल झाले. "काय बरळतोस! बाजारचा गूळ होता तो."

"बाजारच्या गुळात ताग कधीपासून मिळायला लागला?" बायडाबाई कडाडली. "चुन्यात घालायचा ताग! माझ्या दाढेत अडकला होता."

"माझ्यापण," वाणी पुटपुटला.

"आमच्या म्हातारीच्या घशात गेला," तांबट म्हणाला.

चोर म्हटलेलं पंतांनी ऐकून घेतलं असतं. पण देवाला केरकचऱ्याचा नैवेद्य दाखवला, हे पाच माणसांत कोण ऐकून घेणार? त्यांचा आवाज चिरकला. "देवाला मी घाण देईन? अरे, सगळी गाडी उलटीपालटी करून त्यातली चांगली ढेप काढली मी! ताग होता तो बाकीच्या ढेपांना!"

पंतांची ओंजळ तशीच पुढे होती. कारकून सावकाश उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "बाकीच्या कुठे आहेत, तेवढं दाखवायला चला."

पंतांची कमाविशी गेली. बायडाबाईचं बिऱ्हाड जिथल्या तिथे राहिलं. चोरीचा नैवेद्य दाखवला म्हणून देवाची शुद्धी करायचं ठरलं आणि दत्तोबाला पूजेवरून दूर केलं. चुलतभाऊ नवं सोवळं नेसूनच आला. किल्ली घेताना म्हणाला, "वाईट वाटतं रे."

"दिसतंय," दत्तोबा म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा बायडाबाई बांगड्यांची पेटी फडक्यात बांधत होती.

"गेली ना पाळी?"

"गेली."

"मग उभा काय राहिलास? चिंचवडच्या बाजाराला निघालेय. उचल ही. आणि जपून, तुझ्या देवासारखी नाही ती, पडली तर फुटते."

दत्तोबानं पेटी डोक्यावर घेतली. ओझं वाटलं होतं त्यापेक्षा बरंच जड होतं.