डोंगरात राहिलेली सॅक

मी एक जुनी सॅक आहे. दुकानात टांगलेली, कुणीही उचलून न्यावी अशी नव्हे बरं का, मित्रांनो. एका माणसाने आपल्या बायकोच्या पाठीचे माप घेऊन मला शिवले.

तो तंबू आणि ताडपत्र्या शिवणारा कारागीर. त्याच्या बायकोचा बाजारपेठेत छोटासा फोटो स्टुडिओ होता. आठवडाभर ती लोकांना "मान जरा डावीकडे, हं, आता हलू नका" असे सांगत ओळखपत्रांचे फोटो काढायची आणि सुट्टी आली की डोंगरात पळायची. तिथे कुणाला मान वळवायला सांगायची सोय नव्हती. डोंगर असेल तसा आणि उजेड येईल तेव्हा. तिचा कॅमेरा लाकडी, पितळी कोपऱ्यांचा, भात्यासारखा उघडणारा आणि चांगलाच वजनदार होता. त्यात एका वेळी तळहाताएवढी एकच फिल्म बसे. विकतच्या पिशवीतून तो वाहून वाहून तिच्या खांद्यांवर वळ उठले होते. ते एकदा कारागिराने पाहिले. दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन आला.

"पाठ कर इकडे."

"कशाला?"

"ताठ उभी राहा. श्वास सोड. अगं, एवढा नको!"

असा माझा जन्म झाला. अंगाला जाड मेणकापड, शिवण दुहेरी आणि खांद्याच्या पट्ट्यांत मऊपणासाठी त्याच्या जुन्या लोकरी स्वेटरचे तुकडे. तो स्वेटर तिनेच विणला होता हे त्याच्या लक्षात आले, तोवर कात्री चालून गेली होती.

माझ्या पोटात कॅमेरा, दोन भिंगे, फिल्मच्या चपट्या पेट्या आणि एक मोठे काळे कापड असे. बाहेरून तीन पायांचा स्टँड बांधलेला. चढ लागला की तिचा श्वास मला पाठीतून कळायचा. वर पोहोचल्यावर ती कॅमेरा उभा करी आणि काळ्या कापडात डोके घाली. आतल्या धुरकट काचेवर अख्खा डोंगर उलटा लटकलेला दिसे. मग ती उजेडाची वाट बघत बसे. कधी ढग हलतच नसत. तेव्हा ती एकही फोटो न काढता सगळे परत माझ्यात भरायची आणि डोंगराकडे बघून म्हणायची, "राहू दे. तू कुठे पळून जातोयस?"

कारागिराची मोठी बहीण शेजारीच लॉन्ड्री चालवायची. माझी मालकीण तिला वन्सं म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. वन्संना हे वेड मुळीच पसंत नव्हते.

"अगं, जग खिशात कॅमेरा घेऊन फिरतंय आणि तू संसार पाठीवर घेऊन निघालीस! दगडच वाहायचेत तर नदीवर पुष्कळ पडलेत."

"एकदा चला तर माझ्याबरोबर, वन्सं."

"मला माझ्या इस्त्रीचं वजन पुरे आहे."

अशी पुष्कळ वर्षे गेली. मालकिणीचे फोटो एका वाचनालयात लागले, लोकांनी ते थांबून थांबून पाहिले. माझे नाव कुणी घेतले नाही. सॅकचे कोण घेणार? पण घरी आल्यावर ती ओल्या फडक्याने माझी धूळ पुसायची, आणि मला तेवढे पुरे होते.

मग एकदा कारागीरही तिच्याबरोबर डोंगरात आला. इतकी वर्षे त्याचे काम सुटत नव्हते. वर पोहोचल्यावर खिंडीतून ढग दुधासारखा उतू जात होता. उजेड मंद होता, शटर बराच वेळ उघडे ठेवावे लागणार होते. तिने नवऱ्याला लांबच्या खडकावर उभे केले. "डोंगर केवढा आहे ते कळायला माणूस हवा. हलू नकोस हं!"

फोटो झाला. उतरताना सुट्या दगडांवरून त्याचा पाय घसरला आणि घोट्यात मोडला. तिने कशीबशी त्याला बसवले. आभाळ भरून येत होते.

"मी थांबतो इथं," तो म्हणाला. "तू खाली जाऊन कुणाला तरी घेऊन ये."

"या गारठ्यात? वेडा आहेस का?"

तिने मला पाठीवरून उतरवले आणि एका झुकलेल्या खडकाखाली आत ढकलले. माझ्यातून पाण्याची बाटली आणि काळे कापड तेवढे काढले. कापड फाडून त्याचा पाय घट्ट बांधला.

"निदान फिल्म तरी घे. आत्ताच काढलीस ना!"

"तुला धरायला दोन्ही हात लागणार आहेत मला."

तिने त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. माझी पट्टी जिथे बसायची, नेमका तिथे. दोघे वाकून, थांबत थांबत उतरू लागले. दिसेनासे होईपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले.

मग पाऊस आला. पाठोपाठ गारा. धुके इतके दाटले की समोरचा दगडही दिसेना. वाट बंद झाली असणार, कारण किती दिवस कुणी फिरकलेच नाही. माझ्या पोटात ती एक फिल्म होती. पाणी आत शिरले असते तर सगळे संपले असते. मी बाहेरून चिंब झाले, पण कारागिराची शिवण काही उसवली नाही. ते दोघे सुखरूप पोहोचले का, एवढाच घोर मला लागला होता.

एका सकाळी खालून कुणाचा तरी वैतागलेला आवाज आला. "डोंगर आहे की शिक्षा!"

त्या वन्सं होत्या! पायात भावाचे बूट, सैल होऊ नयेत म्हणून आत कागद कोंबलेले. बरोबर वाट दाखवायला एक मेंढपाळ. त्याने मला बाहेर ओढले.

"द्या बाई, मी घेतो."

"थांबा. माझी भावजय हे इतकी वर्षं वाहतेय. मला बघू दे तरी."

त्यांनी पट्ट्यांत हात घातले, उठल्या आणि मटकन खाली बसल्या.

"बाई गं!"

मग त्यांनी माझ्या पट्टीवरून हात फिरवला. "एवढं घेऊन घरी यायची ती," त्या म्हणाल्या, "आणि दारातच मी म्हणायचे, कपडे किती मळवलेस." त्यांनी रुमालाने डोळे टिपले. मेंढपाळ शहाणा होता. जिथे एकही मेंढी नव्हती अशा उताराकडे तो निरखून बघू लागला.

वन्संनी मला कुणाला दिले नाही. त्यांचे खांदे रुंद, माझ्या पट्ट्या त्यांना काचत होत्या. तरी त्यांनी मला घरापर्यंत आणले. घरात कारागीर पाय प्लॅस्टरमध्ये घालून पडला होता. त्याला आणताना मालकिणीची कंबर धरली होती, तीही शेजारी आडवी. वन्संनी मला दोघांच्या मध्ये ठेवले.

"घे गं तुझा संसार." आणि मग हळूच, "फिल्म भिजली नसेल ना?"

मालकिणीने त्यांचा हात धरला.

फिल्म कोरडी होती. खिंड, ढग, खडकाची रेघन्‌रेघ सुरेख उतरली होती. फक्त कारागिराच्या जागी एक पुसट डाग होता, कारण तो हललाच होता. मालकिणीने तोच फोटो स्टुडिओत लावला. हा डाग कसला असे गिऱ्हाइकाने विचारले की ती म्हणे, "ते आमचे हे."

पण तिची कंबर पूर्वीसारखी झाली नाही. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. कॅमेरा कपाटात गेला आणि मी, तशीच ओलसर, माळ्यावर. मला बुरशी चढली. एका उंदराने पट्टीतली लोकर कुरतडली. घरात डोंगराचे नावही निघेनासे झाले.

मग एक दिवस वन्सं जुनी बॅग शोधायला माळ्यावर चढल्या. "अरे, ओली सॅक अशी कोंबतात का कुणी?" त्यांनी मला लॉन्ड्रीत नेले, बुरशी घासून काढली, सावलीत वाळवले. भावापुढे कुरतडलेली पट्टी धरली. त्याने मुकाट्याने नवी लोकर भरली. मग त्या भावजयीपुढे उभ्या राहिल्या.

"चल."

"कुठं? मला वजन उचलता येत नाही, वन्सं."

"तुला कोण उचलायला सांगतंय? तू उजेड बघ. हमाली मी करते."

आता आम्ही उंच डोंगरात जात नाही. जवळच्या टेकड्यांवर जातो. पुढे मालकीण काठी टेकत, मागे मला घेऊन धापा टाकणाऱ्या वन्सं. वर गेल्यावर त्या दर थोड्या वेळाने विचारतात, "आला का गं तुझा उजेड?"

"थांबा, वन्सं."

"थांबलेच आहे की!"

मित्रांनो, भिजलेली सॅक माळ्यावर टाकू नका, तिला आधी वारा लागू द्या. उसवले तर टाका वेळेवर घाला. आणि तुमच्या घरातही कुणीतरी रोज काहीतरी वाहत असेल. ते किती जड आहे हे लांबून कळत नाही. एकदा स्वतः उचलून बघा.