पात्याखालचा पहिला हात

भाच्याचा लॅपटॉप म्हणजे वहीएवढं डबडं. कारखान्यातल्या पुठ्ठा कापायच्या मशीनचा प्रोग्राम त्यानं त्यावरच लिहिलेला. पात्याखाली हात आला की पातं अडलंच पाहिजे, एवढंच त्याचं काम. काल ते अडलं नाही. मशीन चालवणारी त्याची सख्खी मावशी. तिचं नख गेलं, बोट थोडक्यात वाचलं. ती त्याला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच त्याच्या जिवाला लागलं.

सकाळी त्यानं चूक शोधली, ओळ सुधारली. आता प्रोग्राम कंपाईल करायचा, म्हणजे मशीनला कळेल असा बांधून घ्यायचा. डबड्याला चाळीस मिनिटं लागत. लवकर उरकावं म्हणून त्यानं चार कामं एकदम त्याच्या डोक्यावर टाकली, तसं ते जागच्या जागी बसलं. बंद करून चालू केलं, तर ओळ सेव्ह करायची राहिलेली. परत लिहिली, परत कंपाईल लावलं. शिंक यावी तेवढ्यात ‘तयार’ आलं. भाचा खूश. प्रोग्राम मशीनमध्ये भरला.

कारखान्यातल्या बायकांनी एक रीत पाडली होती: ज्यानं दुरुस्त केलं, त्याचाच हात पहिला पात्याखाली. मालकालाही सूट नव्हती. मावशी पट्टी बांधल्या हातानं बटणाशी उभी राहिली. एकीनं भाच्याला सांगितलं, लिहायचा हात मागं ठेव, पुढं लागेल. सगळ्या हसल्या. मावशी नाही.

त्यानं हात आत ठेवला. लोखंड गार होतं. तेवढ्यात त्याच्या डोक्यात आलं: चाळीस मिनिटांचं काम शिंकेत कसं झालं?

“मावशी, थांब. दाबू नकोस.”

त्यानं लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. सहा वर्षांपूर्वीची. आतल्या घड्याळाचा सेल कधीचा मेलेला. चालू केलं की आधी तारीख लावायची, ते घाईत राहिलं. डबड्याला वाटलं, ही ओळ सहा वर्षं जुनी, बांधलेला प्रोग्राम त्याहून नवा, मग कशाला कष्ट घ्या? डबड्यानं नवं काही बांधलंच नव्हतं.

“मशीनमध्ये कालचाच प्रोग्राम आहे,” तो म्हणाला.

मावशीनं बटणावरचं बोट उचललं. “मी दाबणारच होते रे,” ती म्हणाली.

त्यानं तारीख लावली, जुनं बांधलेलं सगळं पुसलं, एका वेळी एकच काम दिलं. डबड्याचा पंखा घरघरत राहिला. मावशी शेजारी बसून पडद्याकडे बघत होती. कळत काहीच नव्हतं, पण नजर हलवेना. पूर्ण चाळीस मिनिटं.

परत हात आत. आता तो लटलट कापत होता.

“कापू दे,” मावशी म्हणाली. “काढू नकोस फक्त.”

तिनं दाबलं. पातं धाडकन खाली आलं आणि हाताच्या चार बोटं वर अडलं.

कुणी हसलं नाही. मावशीचं बोट बटणावरच रुतून बसलेलं. भाच्यानं हात काढला आणि ते हळूच सोडवलं.