बंदूक दादाची, साचा धाकट्याचा

दचकू नका, मी काडतुसं भरायचा साचा बोलतोय. नाव ऐकून लोक दोन पावलं मागे सरतात आणि मला पाहिलं की हसतात. बाभळीचा एक ठोकळा, त्यात बसवलेली लोखंडी दांडी आणि खाली पितळी काडतूस उभं राहील एवढी खोबण. एवढंच माझं रूप. पण रूपावर जाऊ नका. अनसिंगच्या शिवारात एके काळी माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

माझा जन्म जगभरच्या पहिल्या मोठ्या लढाईच्या जरा आधीचा. उकंडरावांची विहिरीवरची बागाईत होती. वांगी, मिरची, रताळी, सगळं वाशिमच्या बाजाराला जायचं. रताळ्यांवर रानडुकरांचा भारी जीव. एकदा शिरली की वाफेच्या वाफे उकरून टाकत. म्हणून उकंडरावांनी परवाना काढून बंदूक घेतली, पण दर वेळी अकोल्याहून विकतची काडतुसं आणणं जमेना. तिथल्या दुकानात उडवलेली काडतुसं पुन्हा भरायचं विलायती यंत्र त्यांनी पाहिलं आणि गावी येऊन जगदेव लोहाराला हातवारे करून समजावलं. जगदेवने ऐकलं थोडं आणि केलं आपल्या मनाचं. मोडक्या गाडीच्या आखाचं लोखंड घेऊन त्याने मला घडवलं. उकंडरावांची बायको प्रयागबाई मला न्याहाळून म्हणाली, "काहो, शेवया निंगतीन काय यातून?"

मला राग आला होता. अजूनही थोडा आहे.

जगदेवच्या हातून एक खोट राहून गेली. दांडी इतकी जड झाली की एकट्याला काम होईना. एकाने काडतूस खोबणीत सरळ धरायचं, दुसऱ्याने अंगाचा भार टाकून दांडी दाबायची. धरणाऱ्याने बोट काढून 'दाब' म्हटल्याशिवाय दाबणाऱ्याने हलायचं नाही, नाहीतर बोटाचा चुरा. उकंडरावांनी हे दोन्ही मुलांना कान धरून शिकवलं. थोरला रंगराव धरायचा, धाकटा पंजाबराव दाबायचा. बंदुकीची दारू, छर्रे, वरून पुठ्ठ्याचा डाट, आणि मधे मधे बाजारातल्या गमती, सासुरवाडीची उणीदुणी. काडतुसं भरून व्हायची, तरी दोघे उठायचे नाहीत. मला ते फार आवडायचं.

उकंडराव गेले आणि विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं. मोटेची पाळी कुणाची, यावरून वाद झाला. त्या वादात पंजाबरावाची मिरचीची रोपं करपली, शब्दाने शब्द वाढला आणि 'तुयं तोंड नाई पाहनार' इथवर मजल गेली. वाटणीला पंच बसले.

पंचांचं म्हणणं, बंदूक आणि साचा एकाच वाट्यात जावा. तेव्हा प्रयागबाई मधे बोलली, "बंदूक रंगूले द्या, बाप गेल्यावर परवाना त्याच्या नावानं झाला हाय. साचा पंजाबले द्या."

"माय, मंग त दोघायच्याबी कामाचं नाई राहत ते," एक पंच म्हणाला.

"तेच त पाह्यजे मले!"

काय डोकं बाईचं! डुकरं दोघांच्याही रताळ्यांवर येणार, म्हणजे भाऊ भावाच्या दारी येणारच, असा तिचा हिशेब. पण हट्टाला औषध नसतं. रंगराव पदरमोड करून अकोल्याहून विकतची काडतुसं आणू लागला. पंजाबराव डबे बडवून डुकरं हाकलू लागला. मी गोठ्यात गवताखाली पडलो आणि कोंबड्यांनी माझ्या दांडीवर बसून माझी काय शोभा केली, ते सांगत नाही.

प्रयागबाई थकली तेव्हा एकदा काठी टेकत गोठ्यात आली. पदराने तिने माझ्यावरची घाण पुसली, करडईचं तेल चोळलं आणि म्हणाली, "तुया भरोशावर सोडून चालली रे मी या दोघायले." पुढे लवकरच ती गेली. तिच्या तिरडीला दोघांनी खांदा दिला, पण एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मला फार वाईट वाटलं. म्हातारीने एकच काम सोपवलं होतं आणि तेही माझ्या हातून होत नव्हतं.

मग दुसरी लढाई लागली. दुकानातली विकतची काडतुसं नाहीशी झाली. मिळालीच तर सुटी दारू आणि छर्रे मिळायचे. त्या वर्षी डुकरांनी दोन्ही भावांची रताळी सारखीच खाल्ली. त्यांना वाटणी ठाऊक नव्हती.

एका संध्याकाळी रंगराव आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. हातात रिकाम्या काडतुसांची पिशवी. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, त्यातलं गाढव मी. पंजाबरावाची बायको तुळसाबाई दारातच होती, पण थोरल्या दिराशी, भासऱ्याशी, तिने बोलायचं कसं? ती पदर पुढे ओढून आत गेली. रंगरावाची पंचाईत झाली. शेवटी तो दावणीच्या बैलाला म्हणाला, "मोऱ्या, साचा कुठीसा हाय रे?"

पंजाबराव कडबा टाकत होता. त्यानेही मान वर न करता म्हटलं, "मोऱ्या, सांग त्यायले, गवताखालतं हाय."

मला बाहेर ओढलं. कोंबड्यांनी बराच निषेध केला. दोघे माझ्या दोन बाजूंना बसले. रंगरावाने काडतूस खोबणीत धरलं, पंजाबरावाने दांडीवर हात ठेवला आणि मग दोघेही थांबले. इथे बैल मधे घालून भागणार नव्हतं. मला तर वाटलं, आता दादा उठून जातो. मग रंगरावाने घसा खाकरला आणि म्हणाला, "दाब."

पंजाबराव हलला नाही. तो खोबणीकडे बघत होता.

"आंधी बोट काढ ना, दादा," तो म्हणाला.

रंगरावाने बोट काढलं आणि त्याच हाताने डोळे पुसले. त्या दिवशी एकही काडतूस भरलं गेलं नाही. तुळसाबाईने न विचारताच भासऱ्याचंही ताट वाढलं.

पुढे आम्ही डुकरांना चांगली जरब बसवली. खरं सांगायचं तर बार थोडे उडाले आणि गप्पा जास्त झाल्या.

पण सुखाला दृष्ट लागते. ठाण्यातून निरोप आला, परवाना पुढे चालणार नाही, बंदूक जमा करा. रंगराव बंदूक देऊन आला. मला धडकी भरली. गरज सरो, वैद्य मरो ही जगाची रीत. डुकरांपायी आलेला माणूस बंदूक गेल्यावर कशाला येईल? ती संध्याकाळ कोरडी गेली. पुढचीही गेली. पंजाबराव कडबा टाकता टाकता कवाडाकडे बघायचा, मीही बघायचो.

आणि एक दिवस कवाड वाजलं. रंगराव होता, हात मोकळेच.

"काय काम होतं, दादा?" पंजाबरावाने विचारलं.

"काई नाई." रंगराव सरळ माझ्या ठोकळ्यावर बसला. "काम असलं तवाच यावं काय भावाच्या घरी?"

तेव्हापासून तो रोज येतो. माझ्या दांडीला गंज चढलाय, खोबणीत कोळ्याने जाळं केलंय, आणि दोघे म्हातारे माझ्यावर टेकून वांग्याच्या भावावरून भांडतात. लोक म्हणतात, परवाना पुन्हा मिळेल, बंदूक परत येईल. येवो बापडी. माझी एकच विनंती आहे, मला पुन्हा कामाला लावू नका. काम निघालं की दादा कामासाठी येऊ लागेल. मला तो असाच, बिनकामाचा आलेला बघायचाय.