दीड फुटाची रेघ

"तीन फूट कोणी सांगितले?" चौकशी अधिकाऱ्यांनी हा प्रश्न चौथ्यांदा विचारला आणि हिलालने चौथ्यांदा तेच उत्तर दिले. "मना पोऱ्या निरोप लई उना व्हता, साहेब. तो भायेर बठेल शे. त्याले इचारा."

साहेब लोकांसमोर हिलाल एरवी पुस्तकी मराठी बोलत असे. अठरा वर्षांच्या नोकरीत ती त्याने गणवेशासारखी अंगवळणी पाडून घेतली होती. त्या दिवशी ती त्याला सापडली नाही. विश्रामगृहाच्या त्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि तो चौथा होता.

बाहेरच्या बाकावर त्याचा मुलगा देवचंद बसला होता. वय एकोणीस, खांदे रुंद, नजर जमिनीवर. शेजारी कॉलेजातले क्रीडाशिक्षक झांबरे सर होते. जिल्ह्यातल्या जलक्रीडा संघटनेचे संस्थापक, चिटणीस आणि बहुधा एकमेव वर्गणीदारही तेच. तीन फुटांचा निरोप त्यांनी दिला होता, देवचंदने तो पोहोचवला होता आणि हिलालने दार उचलले होते. या घटनेचे तीनच साक्षीदार होते. पैकी एकाने, आपण त्या वेळी पाहुण्यांना चहा देत होतो, असे सकाळीच लेखी दिले होते. राहिले बाप आणि मुलगा. बापाच्या शब्दाला अर्थातच किंमत नव्हती, कारण आरोप त्याच्यावरच होता.

पालदरा धरण चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. हिलाल कोळी तिथे दारांवरचा खलाशी होता. खालच्या गावांच्या विहिरींसाठी हिवाळ्या-उन्हाळ्यात दर पंधरवड्याला तिसरे दार दीड फूट उचलायचे, सहा तासांनी पाडायचे. उचलण्याआधी अर्धा तास भोंगा वाजवायचा, तीनदा. हा नियम. नियमाच्या पुढचे काम हिलालने स्वतःच्या डोक्याने लावून घेतले होते. नदी आटली की खालच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागत. डिसेंबरात वेल लावण्याआधी वाडीवाले हिलालला बोलावून नेत. तो पात्रातून अनवाणी चालत जाई आणि दीड फुटाचे पाणी जिथवर येईल तिथे दगड ठेवत जाई. दगडांच्या खाली कोणी वेल लावत नसे. वर लावत, अगदी दगडाला खेटून, कारण ओल तिथेच असे. त्याला 'हिलालची रेघ' म्हणत. अठरा वर्षांत पाण्याने ती रेघ ओलांडली नव्हती. या गोष्टीची नोंद कोणत्याही कार्यालयात नव्हती. कार्यालयात अशा गोष्टींसाठी रकाना नसतो.

दाराखालचा अर्धा मैल खडकाळ. तिथे सुटलेले पाणी फुटते, उसळते, पांढरे होते. झांबरे सरांना हे पाणी एका सहलीत दिसले आणि त्यांना क्रीडेचे भवितव्यही दिसले. तीन कयाक आल्या. देवचंद आधी त्यांत बसायला शिकला, मग उलटायला, मग उलटलेल्या होडीतून न बाहेर पडता कमरेच्या झटक्याने सरळ व्हायला. घर त्याच्यामागे उभे राहिले, म्हणजे शब्दशः उभे राहिले. आई कमलबाईने ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून त्याच्या कमरेभोवतीचा झगा शिवला, होडीत पाणी येऊ नये म्हणून. मामा दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला. त्याने आपले पिवळे हेल्मेट दिले. हिलालने वल्ह्याची मोडलेली पाती सागवानी फळीतून तासून काढली. पाणी सुटले की तो वर दाराशी आणि कमलबाई खाली खडकावर दोर घेऊन. पोरगा बुडाला तर दोर टाकायचा, एवढेच तिला या खेळातले ठाऊक होते.

"हाई कसाना खेय?" ती विचारी. "पानीमा पडो, परत निंघो. म्हशी बी ह्याच करतस."

देवचंद हसे. तेव्हा तो घरात घरच्या बोलीत हसत असे.

फेब्रुवारीत मुंबईहून निवड समितीचे दोन पाहुणे आले. ऋषिकेशच्या वर गंगेत होणाऱ्या शिबिरासाठी जिल्ह्यातून एका मुलाची जागा होती. पाण्याची वेळ ठरलेली, मापही ठरलेले, दीड फूट. शाखा अभियंत्यांनी तोंडी हो म्हटले होते. कागद मागून येतो, ही तिथली रीत. आधी पाणी सुटते, संध्याकाळी हुकूम येतो आणि नोंदवहीतला 'कोणाच्या आदेशाने' हा रकाना दुसऱ्या दिवशी भरला जातो. अठरा वर्षे हे असेच चालले होते आणि कागद एकदाही चुकला नव्हता. एकदाही न चुकलेल्या गोष्टीवर माणूस जितका विसंबतो, तितका तो देवावरही विसंबत नाही.

पाहुण्यांना पाणी कमी वाटले. एकाने घड्याळ पाहिले. झांबरे सरांनी देवचंदला वर धाडले. तो धापा टाकत आला, अंगावरून पाणी निथळत होते.

"आबा, सर म्हनतस, तीन फूट करा."

हिलालने रिकाम्या रकान्याकडे पाहिले. दुसरा कोणी आला असता तर त्याने कागद मागितला असता, निदान अर्धा तास थांबवले असते. आलेला माणूस दुसरा कोणी नव्हता. त्याने भोंगा एकदा वाजवला आणि चाक फिरवले.

देवचंद त्या पाण्यात फार सुंदर उतरला, असे सगळे म्हणाले. पाणी पुढे गेले, रेघ ओलांडून सात वाड्यांत शिरले आणि फळ धरू लागलेले वेल मुळासकट घेऊन गेले. नर्मदाबाई भोईणीची खुंट्याला बांधलेली शेळी दोराच्या लांबीइतकी तरंगली आणि मग थांबली.

संध्याकाळी कागद आला नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी झांबरे सरांनी देवचंदला आपल्या घरी जेवायला बोलावले. स्वतःच्या हाताने वाढले. रागावले नाहीत, धमकी तर मुळीच दिली नाही; सुशिक्षित माणसाला तिची गरज पडत नाही. संघटनेचे नाव चौकशीत आले तर शिबिराचे पत्र रद्द होईल, एवढी वस्तुस्थिती त्यांनी सांगितली.

"देवचंद, वडिलांची नोकरी सरकारी आहे. सरकार सहा महिने रागावतं, मग विसरतं. शिबिर काही पुन्हा येत नाही." मग वरणाची वाटी पुढे सरकवत म्हणाले, "आणि खोटं काय आहे त्यात? तुझ्यासाठीच नाही का त्यांनी दार उचललं?"

देवचंद खोलीत गेला आणि सात मिनिटांत बाहेर आला. अधिकाऱ्यांनी त्याचा जबाब हिलालला वाचून दाखवला, तसा नियम आहे. जबाब नेटका होता. 'मी कोणताही निरोप नेला नाही. माझ्या वडिलांचे माझ्यावर अतिशय प्रेम आहे. त्या प्रेमापोटी, मला चांगले पाणी मिळावे म्हणून, त्यांनी स्वतःहून दार अधिक उचलले असावे.' खाली सही. 'असावे' हा शब्द कोणी सुचवला ते विचारण्याची गरज नव्हती. एकोणीस वर्षांचा मुलगा इतके सांभाळून खोटे बोलत नाही.

"काही सांगायचे आहे?"

हिलालने सावकाश पुस्तकी मराठी गोळा केली. "नाही, साहेब. त्यांनी लिहिले तसे असेल."

मुलाला त्याने 'त्यांनी' म्हटले. टंकलेखकाने ते तसेच उतरवले.

त्या संध्याकाळी घरात देवचंद पिशवी भरत होता. कमलबाई चुलीपुढून उठली नाही. तिने पाठमोरेच विचारले, "तू काय लिखी दिन्हं?"

"जे विचारलं त्याचं उत्तर दिलं."

"माले मराठीमा नको सांगू. आपली बोलीमा सांग."

देवचंदने तोंड उघडले. काही क्षण तो खरोखर प्रयत्न करत असावा. मग त्याने पिशवीची चेन ओढली. रबराचा झगा त्याने बरोबर घेतला. हेल्मेट मात्र खुंटीवरच राहिले, कारण शिबिरात नवे मिळणार होते.

हिलालच्या दोन वेतनवाढी थांबल्या आणि त्याची बदली त्याच विश्रामगृहाच्या बागेवर झाली. नदी सोडणाऱ्या माणसाच्या हाती हिरवळीवर शिंपडायची रबरी नळी आली. यात विनोद आहे असे कोणाला वाटले नाही. त्याच्या जागी भिकन आला. तो चांगला होता, पण भोंगा एकदाच वाजवी.

हे सारे हिलालने सोसले असते. नर्मदाबाई आली तेव्हा मात्र त्याला नळी खाली ठेवावी लागली. ती भांडायला आली नव्हती.

"हिलालभाऊ, अठरा वरीस आम्ही तुना भोंगावर झोपनूत," ती म्हणाली. "तुना पोऱ्यानी होडी तरनी. मना येल वाही गयात."

तो कोणाचे नाव सांगणार होता? नाव सांगावे तर मुलगा खोटारडा ठरत होता. न सांगावे तर अठरा वर्षांची रेघ खोटी ठरत होती. त्याने नळी पुन्हा उचलली. तिने त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

मे महिन्यात देवचंद आणि इतर जिल्ह्यांतली दोन मुले भुसावळहून दिल्लीच्या गाडीने निघाली. गार्डाच्या हातापाया पडून होड्या ब्रेकच्या डब्यात चढवल्या, असे त्याने पोस्टकार्डात लिहिले. पुढे लिहिले होते : 'गंगेचे पाणी बर्फासारखे गार आहे. इथे दार नाही. पाणी आपले आपण येते, कोणाला सोडावे लागत नाही.' कमलबाईने कार्ड शेजारच्या मुलीकडून दोनदा वाचून घेतले आणि मिठाच्या बरणीखाली ठेवले. हिलालने ते ऐकले. त्यात त्याच्याबद्दल काही विचारले नव्हते.

डिसेंबरात नदी आटली. वाडीवाल्यांनी हिलालला बोलावले नाही. त्यांनी वेल फार वर लावले, गोट्यांच्या कोरड्या जमिनीवर, जिथे पाण्याची भीती नव्हती आणि पाणीही नव्हते. बाया घागरींनी पाणी वाहू लागल्या. विश्रामगृहाच्या कुंपणातून हिलालला त्या दिसत. नर्मदाबाईच्या साठीतल्या चालीत त्याला खेपा मोजता येत.

जानेवारीत देवचंद कुठल्याशा राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा आला आणि सव्वीस तारखेला जळगावात त्याचा सत्कार झाला. संघटनेने आई-वडिलांनाही बोलावले होते. कमलबाई आली नाही. म्हशीचे दिवस भरले आहेत, असे तिने सांगितले. म्हशीला अजून महिना होता. हिलाल गेला. का गेला हे त्यालाही सांगता आले नसते. कदाचित मुलगा माइकवर उभा राहून एवढ्या लोकांत काही बोलेल, असे त्याला वाटले असावे. माणूस आशा किती नीच पातळीवर नेऊन ठेवू शकतो, याला मर्यादा नाही.

झांबरे सर कौटुंबिक पाठबळावर बोलले. खेळाडू घरात घडतो, असे म्हणाले. मग देवचंद उभा राहिला. अंगात निळा ब्लेझर होता. त्याची मराठी आता निर्दोष झाली होती.

"माझ्या वडिलांचे माझ्यावर अतिशय प्रेम आहे," तो म्हणाला. "त्या प्रेमापोटी त्यांनी जे केले, त्यामुळेच मी आज इथे आहे."

टाळ्या पडल्या. हिलालने हे वाक्य पूर्वी ऐकले होते. तेव्हा खाली सही होती, एवढाच फरक. त्याच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. देवचंद वाकून पाया पडला. हिलालने पाय मागे घेतले नाहीत. नारळ दोन्ही हातांनी धरलेला होता. तो एका हाताने धरता आला असता, पण त्याने तसा धरला नाही. देवचंद थोडा वेळ वाकलेलाच राहिला, डोक्यावर हात येण्याची वाट पाहत. मग छायाचित्रकाराने त्याला सरळ व्हायला सांगितले.

शेवटच्या एसटीत हिलालला भिकन भेटला. उद्या सकाळी पाणी सोडायचे आहे, त्याने सांगितले. किती ते हिलालने विचारले. दीड फूट, भिकन म्हणाला, आणि यंदा दादा, लेखी आहे.

सकाळी हिलाल बागेवर गेला नाही. सायकल काठावर टेकवून, चपला काढून तो पात्रात उतरला. शाल घरी ठेवली होती, नारळ हातात होता. वर गोट्यांत नर्मदाबाई वेलांच्या आळ्यांत घागर रिकामी करत होती. त्याने राम राम केला. तिने मान हलवली की नाही, ते दुरून कळले नाही.

"पानी ई ऱ्हायनं," तो पायाखालची वाळू दाखवत म्हणाला. "दीड फूट. आठलोंग ई. आठेन वर नही."

 तिच्या वाडीपासून चाळीस पावले खाली, ओलसर वाळूत त्याने पायाने जागा चाचपली, एकदा डावीकडे सरकला आणि नारळ खाली ठेवला. मग नारळापासून दोन हात वर, काठाच्या बाजूला, उकिडवा बसला.

भोंगा एकदाच झाला. बऱ्याच वेळाने वळणावरून पाणी आले. आधी पुढे ढकललेला पालापाचोळा, मग फेस, मग गढूळ पाण्याची रुंद, सावकाश जीभ. नर्मदाबाईने नव्या शेळीचा दोर सोडून हातात धरला. पाणी वाळू चढत आले, नारळाच्या शेंडीला लागले. शेंडी ओली झाली. नारळ किंचित हलला आणि जागेवर राहिला.

हिलाल पाण्याकडे पाहत नव्हता. ते किती येणार हे त्याला ठाऊक होते.

पाणी तिथेच राहिले. घटका गेली, तरी वर चढले नाही. नर्मदाबाई शेळीला ओढत खाली आली. नारळापाशी थांबून तिने पाण्याची कड एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली. मग वाकून डोक्याएवढा एक दगड उचलला, नारळाला लागून वाळूत बसवला आणि दुसरा शोधायला काठाकाठाने पुढे गेली.