पांढऱ्या उजेडातला घास

राजमतीआक्कांनी आयुष्यात कधी कशाचा रंग स्वतः निवडला नव्हता. लग्नातला शालू सासऱ्यांनी आणला, जुन्या घराच्या भिंती दिरांनी रंगवल्या, आणि निपाणीतल्या या नव्या घराच्या फरशीबद्दल तर त्यांना कुणी विचारलंही नाही. त्यामुळे सून सोनल त्यांना दिव्यांच्या दुकानात घेऊन निघाली, तेव्हा आपण पिशवी धरायला चाललोय, असंच त्यांना वाटलं.

दुकानदारानं पडदा ओढला आणि फळीवरचे दिवे एकामागून एक लावले. पिवळा, मग जरासा फिकट, मग पांढरा फटक. तो पांढरा लागला आणि खोलीत भर दुपार झाली.

"ह्याला डेलाइट म्हणत्यात, आक्का. दिवसाचा उजेड."

आक्का त्या शब्दांपाशीच रेंगाळल्या. लग्नाआधी त्यांनी मुनीमहाराजांसमोर नियम घेतला होता, सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. बाळंतपणात, आजारपणात, परगावच्या लग्नांतही तो पाळला. त्याचं ओझं कधी वाटलं नाही, कारण साऱ्या जावा उतरत्या उन्हात ओळीनं बसून एकमेकींची थट्टा करत जेवायच्या. आता जावा पांगल्या, यजमान गेले. सोनल बेळगावच्या बँकेत, मुलगा जिनेंद्र कागलच्या कारखान्यात. दोघं येईतो अंधार पडलेला असायचा. आक्का रोज भिंतीकडं बघत चार घास गिळायच्या. नव्या घरात तरी कुणाच्या सोबतीनं जेवावं एवढीच त्यांची हाव होती, आणि ती कुणाला सांगायची त्यांना लाज वाटायची.

"जेवायच्या टेबलावर ह्योच लावायचा," त्या म्हणाल्या.

"आई, तिथं पिवळा बरा दिसंल. ह्यो लई पांढरा हाय."

"मला ह्योच पायजे, बाई."

सासूबाईंनी पहिल्यांदाच हट्ट धरलेला बघून सोनलला हसू आलं. तिनं तोच बांधून घेतला.

घरभरणी झाली, पाहुणे गेले. पहिल्याच निवांत संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधीच आक्कांनी नवे जाड पडदे ओढले, दिवा लावला आणि खुर्चीत टेकल्या. टेबलावर दूध सांडल्यागत उजेड पसरला. शेजारच्या उसातला वारा, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं लांब कुठंतरी निघून गेलं. जरा वेळानं जेवू, असं म्हणत त्या बसून राहिल्या. जुन्या घरातलं ऊन, जावांच्या बांगड्या, कुणाचं तरी हसणं, सगळं त्या उजेडात हळूहळू उतरत होतं. किती वेळ गेला कोण जाणे.

मग सोनल आली, हातपाय धुऊन समोर बसली. तिचा चेहरा दुपारसारखा लख्ख. मॅनेजरची नक्कल करत तिनं भाकरी मोडली, आणि हसता हसता दोडक्याच्या भाजीचा एक घास सासूपुढं धरला. दोघींनाही भान नव्हतं. आक्कांनी आ केला. तो घास इतका गोड लागला, की दुसरा त्यांनी आपल्या हातानं घेतला.

तेवढ्यात जिनेंद्रनं दार उघडलं. त्याच्या मागं आभाळभर चांदण्या होत्या.

"आई, तू जेवतीस?"

आक्कांचा हात ताटातच राहिला. सोनल रडवेली झाली. "माझंच चुकलं. मीच दिला घास."

"तुजं काय न्हाय, पोरी. दिव्यानं दिवस थांबत न्हाय, ते मला ठावं हुतं. पर एकटीनं जेवायचा लई कंटाळा आलाय गं मला." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. जिनेंद्र खाली बघत उभा राहिला. आई एकटी जेवते हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी प्रायश्चित्ताचा उपवास केला. त्याच्या पुढल्या दिवशी ऊन कललं, तेव्हा त्यांनी खिडकीशी ताट वाढून घेतलं. एवढ्यात फोन वाजला. फोनच्या पडद्यावर सोनल होती, बसमध्ये. अंगावर तिरपं ऊन, मागं पळणारा संकेश्वरचा ऊस, आणि मांडीवर उघडा डबा.

"बसा आई. मी पण बसले."

"गाडीत जेवतीस व्हय गं? लोक काय म्हणतील?"

"शेजारच्या मावशींना अर्धी भाकरी दिलीया. त्या काय म्हणत न्हाईत. सावकाश जेवा, दिवस अजून वर हाय."

आक्कांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला. त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी वाढून घेतली.